बडोद्यातली सेवाकामं : कोणत्या ऋतूत काय, आणि सुरुवात कधी करायची?

निंबोळी

नमस्कार मंडळी,

बडोद्यात रोटरी, लायन्स, इनर व्हील, जेसीज, शिवाय आपली मराठी मंडळं, भगिनी मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ अशा ठिकाणी इथले बरेच जण काम करतात. मीही एका क्लबात बरीच वर्षं आहे. रोटरी आणि लायन्स, दोन्हीकडे नवं वर्ष 1 जुलैला सुरू होतं. नवे अध्यक्ष, नवे सचिव, नवी कार्यकारिणी. पुढच्या बारा महिन्यांची आखणी मे-जूनमध्येच होते, म्हणून हा धागा आत्ता काढतेय.

माझं म्हणणं थोडक्यात असं की आपली बरीचशी मदत महिनाभर उशिरा पोचते. ब्लँकेटचंच घ्या. आपल्याकडे थंडी दिवाळीनंतर पडायला लागते. क्लबांची वाटपं मात्र डिसेंबरच्या शेवटी किंवा थेट संक्रांतीच्या आसपास. तीही स्टेशनबाहेर आणि मोठ्या देवळांच्या फुटपाथवर, कारण तिथे गाडी उभी करता येते. एकाच रात्री दोन-तीन संस्था येऊन गेल्या की त्याच माणसाकडे तीन ब्लँकेटं होतात.

आणि दाहोद, छोटा उदेपूर, पंचमहालकडून बांधकामावर आलेली कुटुंबं? ती पत्र्याच्या कुंपणाआड राहतात, रस्त्यावरून दिसतच नाहीत. अर्धवट उभ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, भिंती नसलेल्या स्लॅबवर, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या अंथरून लेकरं झोपवलेली असतात. ही मंडळी दिवाळीला गावी जाऊन परततात आणि होळीला पुन्हा गावी जातात. म्हणजे त्यांना पांघरूण द्यायचं तर ते परतल्या परतल्या, नोव्हेंबरात. त्यासाठी खरेदी सप्टेंबरात, आणि साइटची यादी ऑगस्टात व्हायला हवी.

दुसरी अडचण याच 1 जुलैची. जुन्या कार्यकारिणीने सुरू केलेलं काम नव्या कार्यकारिणीच्या यादीतच नसतं. प्रत्येक अध्यक्षाला स्वतःचा नवा प्रकल्प हवा असतो, त्यात गैर काही नाही. पण गेल्या जुलैत लावलेल्या रोपाला येत्या एप्रिलात पाणी कोणी घालायचं, हे कुठेही लिहिलेलं नसतं.

तर ज्यांनी ज्या ऋतूतलं काम प्रत्यक्ष केलं आहे त्यांनी इथे लिहा. काय लागतं, किती आधी लागतं, कुठे अडतं. येत्या वर्षाची आखणी करणाऱ्यांना उपयोग होईल.

—

बी_पॉझिटिव्ह

ताई, चांगला धागा. मी रक्तदान शिबिरांच्या कामात आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

रक्ताचं सगळं गणित तारखांचं आहे. काढलेलं रक्त साठवणीच्या पद्धतीनुसार 35 ते 42 दिवस टिकतं. प्लेटलेट तर फक्त 5 दिवस. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, स्त्रीला चार. आता बघा, 15 ऑगस्टला शहरात जिकडेतिकडे शिबिरं. सगळे उत्साही दाते एकाच दिवशी रक्त देऊन मोकळे. रक्तपेढ्यांचे फ्रिज भरतात. सप्टेंबरअखेर त्या पिशव्यांची मुदत संपत येते, नेमका तेव्हा डेंग्यू जोरात असतो, प्लेटलेटसाठी नातेवाईक वणवण फिरतात, आणि नेहमीचे दाते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत रक्त देऊच शकत नाहीत.

खरी टंचाई मे महिन्यात. कॉलेजं बंद, माणसं गावाला गेलेली, आणि 42-43 डिग्रीत कोणी घराबाहेर पडत नाही. थॅलेसेमिया या जन्मजात रक्तविकाराच्या मुलांना मात्र दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. त्यांना उन्हाळ्याची सुट्टी नसते.

म्हणून क्लबांना माझी विनंती. ऑगस्टातलं एक मोठं शिबिर करण्यापेक्षा त्याचे चार तुकडे करा. एक सप्टेंबरात, एक दिवाळीनंतर, एक फेब्रुवारीत आणि एक मे महिन्यात. मे महिन्यातलं शिबिर सकाळी सातला सुरू करून अकराला आटपा. दात्याने घरून काहीतरी खाऊन यावं, येण्याआधी दोन-तीन पेले पाणी प्यावं, म्हणजे चक्कर यायचा प्रश्न बराच कमी होतो. तारखा ठरवण्याआधी पेढीला एक फोन करून त्यांना कधी हवंय ते विचारा. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5 च्या वर. हे आमंत्रणातच छापलं तर रांगेत उभं राहून परत जाणाऱ्यांची निराशा टळते.

थॅलेसेमियासाठी आणखी एक काम होण्यासारखं आहे. गुजरातेत लोहाणा आणि सिंधी समाजात याचं प्रमाण जास्त आहे, पण ते सोडून इतर कोणालाच नसतं असं मुळीच नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील, म्हणजे स्वतःला त्रास नसला तरी दोष पुढे देणारे असतील, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता असते की मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर प्रकार असेल. वाहक आहे की नाही हे एचबीए-टू तपासणीत कळतं आणि ती आयुष्यात एकदाच करायची असते. जुलै-ऑगस्टात कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मुलं येतात तेव्हा ही तपासणी ठेवली तर लग्नाच्या किती तरी आधी माहिती हातात असते. लग्न ठरल्यावर असा कागद दाखवायला कोणी धजत नाही.

—

फिरकी

उत्तरायणाबद्दल मला लिहायचंच होतं.

आपल्याकडे पतंग म्हणजे काय हे बडोद्याबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. 14 तारखेला सकाळी अख्खं मांडवी-रावपुरा-दांडिया बाजार धाब्यावर, म्हणजे गच्चीवर असतं. उंधियू, जिलबी, चिक्की, तिळगूळ, आणि दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण. मी लहानपणापासून पतंग चगवतो (उडवतो) आणि पुढेही चगवणार. पण पाखरांचे फार हाल होतात, आणि त्यावर आपण बरंच काही करू शकतो.

नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये देशभर बंदी घातली. त्याच वर्षापासून गुजरात सरकारचं करुणा अभियान सुरू झालं, दर वर्षी 10 ते 20 जानेवारी. जखमी पक्ष्यांसाठी केंद्रं उघडतात, 1962 वर फोन केला की जनावरांची ॲम्ब्युलन्स येते. पारवे, घारी, बगळे, शराटी, आणि संध्याकाळी परतताना अडकणारी घुबडं. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळात पक्षी घरट्यातून निघतात आणि परततात. तेवढ्या वेळात पतंग खाली, एवढं एका सोसायटीने जरी पाळलं तरी फरक पडतो.

पक्षी सापडला तर दोरी ओढू नका. पंखात रुतलेली दोरी ओढली की स्नायूच कापला जातो. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, आतला तुकडा तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा, खाली जुनं सुती कापड, झाकण बंद. अंधारात तो शांत होतो. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. क्लबाने प्रत्येक सोसायटीच्या वॉचमनकडे दोन-दोन रिकामी खोकी आणि एक कात्री आधीच देऊन ठेवली तरी पुष्कळ झालं. बुटांच्या दुकानातून खोकी फुकट मिळतात.

पण सगळ्यात मोलाचं काम 16 तारखेपासून सुरू होतं आणि तेव्हा कोणीच नसतं. झाडांवर, तारांवर, गच्चीच्या कठड्यांवर दोरी लटकत राहते आणि पाखरं पुढचे महिनाभर त्यात अडकत राहतात. आमच्या गल्लीत पोरांना सांगितलंय, दोरीची गूंच (गुंता) आणा, वजनावर वही-पेन मिळेल. पोरं पिशव्या भरभरून आणतात. लग्गीला आकडा बांधून पेरूच्या झाडावरची दोरी गोल गोल गुंडाळून कशी उतरवायची, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं जमतं. फक्त विजेच्या तारांजवळ जायचं नाही ही सक्त ताकीद, आणि सोबत एक मोठं माणूस हवंच.

आणखी एक. स्कूटरच्या हँडलला लावायची ती उलट्या यू आकाराची सळई. मांज्याने गळा कापून माणसं जातात, दर वर्षी बातमी येते. चौकात टेबल टाकून या सळया फुकट बसवून द्यायचं काम बरेच जण करतात, पण ते 12-13 जानेवारीला. आकाशात पतंग डिसेंबरपासून असतात. नाताळच्या सुट्टीत करा.

—

सूरसागर

गोळा केलेल्या दोरीचं पुढे काय करता? जाळत नाही ना?

—

फिरकी

नाही नाही, नायलॉन जाळलं तर विषारी धूर होतो. बारीक तुकडे करून गोणीत घट्ट बांधतो आणि सुक्या कचऱ्याच्या गाडीत देतो. तुकडे केले नाहीत तर कचऱ्याच्या ढिगावर गाईच्या पायात अडकते.

—

विश्वामित्रीकाठ

पावसाळ्याबद्दल मी लिहितो. आमचं घर मुजमहुडा भागात, त्यामुळे पूर जवळून पाहिला आहे.

विश्वामित्री पावागढाकडून येते, गावाच्या मधोमध वळणं घेत जाते. वर आजवा धरणाचं पाणी सुटलं आणि गावात पाऊस चालू असला की काला घोडाच्या पुलावरची पातळी चढायला लागते. 31 जुलै 2019 ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्याही वर गेली. समा, कारेलीबाग, फतेगंज, अकोटा, वडसर, परशुराम भठ्ठा, सगळीकडे पाणी. मगरी वस्तीत आल्या.

अशा वेळी पहिले दोन दिवस मदत कमी नसते, ती पोचत नाही. पुरी-भाजीची पाकिटं हजारोंनी तयार होतात आणि दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबतात. आपल्याकडे सुखडी आणि गाठिये हा जुना तोडगा आहे. सुखडीत गहू, गूळ, तूप एवढंच. चार दिवस टिकते, पोट भरतं, लहान मूलही खातं. त्याबरोबर पाणी, मेणबत्ती, काडेपेटी, दुधाची पावडर, सॅनिटरी पॅड आणि म्हाताऱ्यांसाठी डायपर. शेवटच्या दोन गोष्टी कोणाच्याच यादीत नसतात.

पाणी उतरल्यावर मात्र मदत करणारे निघून जातात आणि खरी दैना तेव्हा सुरू होते. घरात वीतभर गाळ. गाद्या, सोफे, फ्रिज रस्त्यावर ढीग घालून ठेवलेले. त्या वेळी लागतात फावडी, घमेली, गमबूट, ब्लीचिंग पावडर, फिनेल आणि दहा धडधाकट माणसं. एका खोलीतला गाळ काढायला चार जणांना अर्धा दिवस लागतो. आणि गाळ ओला असतानाच काढायचा. एकदा सुकून कडक झाला की टिकावाने फोडावा लागतो, फरशी फुटते. नंतर कोरडी गादी, मुलांचे गणवेश, दप्तर. भिजलेली रेशनकार्डं आणि मार्कशीट पुन्हा काढायला अर्ज लिहून देणारा माणूस, हीसुद्धा मोठी सेवा आहे. पुराच्या पाण्यात चाललेल्या माणसाला आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर त्याने डॉक्टरांना पाण्यात चाललो होतो हे आवर्जून सांगावं, लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा आजार असू शकतो.

आता जूनमध्ये काय करता येईल ते सांगतो. आपापल्या सोसायटीत आणि शेजारच्या झोपडपट्टीत तळमजल्यावर कोण राहतं याची यादी. एकटे म्हातारे, डायलिसिसवर असलेले, ऑक्सिजन लागणारे, गरोदर बायका. नाव, मजला, नातेवाइकाचा फोन, कोणती औषधं. एक प्रत सोसायटीत, एक क्लबाकडे. पाणी गळ्याशी आल्यावर ही माहिती गोळा करता येत नाही.

—

खंडेराव_मार्केट

मी एका क्लबाचा खजिनदार आहे, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. निंबोळीताईंचं बरोबर आहे, पण पैसा कुठून येतो तेही बघावं लागतं. देणगीदार सणाच्या वेळी हात मोकळा सोडतो. दिवाळीत बोनस आलेला असतो, नवरात्रात उत्साह असतो. आपल्या गावात ‘युनायटेड वे’ या संस्थेचा गरबाच सेवाकार्याच्या निधीसाठी होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. जुलैत जाऊन नोव्हेंबरच्या ब्लँकेटसाठी पैसे मागितले तर लोक म्हणतात, बघू पुढे. आणि फोटो छापून आला की पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा देतो. फोटोला नावं ठेवून चालणार नाही.

—

निंबोळी

काका, पैसे सणाला येतात हे अगदी मान्य. मग ते पुढच्या ऋतूसाठी घेऊ या ना. दिवाळीत जमलेल्यातून उत्तरायणाच्या सळया आणि मे महिन्यातलं शिबिर, संक्रांतीत जमलेल्यातून जूनच्या वह्या. फोटोलाही माझा विरोध नाही. ब्लँकेट घेणाऱ्या बाईचा चेहरा मात्र त्यात नको. ती पदर पुढे ओढून मान खाली घालते ते मला बघवत नाही. सामान लावणारे हात, भरलेला टेम्पो, गाळ काढणारी पोरं, यांचे फोटो छापा. देणगीदारालाही ते आवडतील.

—

खंडेराव_मार्केट

हे पटलं. पुढच्या ऋतूसाठी निधी हा मुद्दा कार्यकारिणीत मांडतो. हिशेबात तसं वेगळं खातं ठेवता येईल, म्हणजे नवी कार्यकारिणी आली तरी ते पैसे दुसरीकडे वळणार नाहीत.

—

वाणवसा

संक्रांत ते रथसप्तमी आम्ही बायका घरोघर हळदीकुंकू करतो. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे, आरसे, टिकल्यांची पाकिटं येतात आणि कपाटात पडून राहतात. आमच्या भगिनी मंडळाने दोन गोष्टी बदलल्या, त्या सांगते.

एक म्हणजे वाण म्हणून लोखंडी पळी, जमलं तर छोटी लोखंडी कढई. लोखंडात शिजवलेल्या भाजीत, विशेषतः टोमॅटो, चिंच, कोकम असं आंबट घातलेल्या भाजीत, लोह उतरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गुजरातेतल्या 15 ते 49 वयाच्या 65 टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. देशाचा आकडा 57. आपण खातेपिते म्हणवणारे आणि आपल्या घरातल्या बायका अशा. म्हणून हळदीकुंकवाच्या दिवशी दारातच एक लॅबवाली मुलगी बसवतो, बोट टोचून हिमोग्लोबिन बघते आणि चिठ्ठीवर आकडा लिहून देते. धुणीभांडी करणाऱ्या मावश्यांना मालकिणीने बरोबर घेऊन यायचं, ही अट. पहिल्यांदा मावश्या संकोचून दाराशीच उभ्या राहिल्या. आता त्या आपल्या जावा-नणंदांना घेऊन येतात. हिमोग्लोबिन कमी निघालं की महिनाभर लोहाच्या गोळ्या, आणि त्या जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. ही दुसरी तपासणी झाली नाही तर पहिलीचा काही उपयोग नाही.

दुसरं, विधवा बायकांनाही बोलावतो. कुंकू लावतो, ओटी भरतो. यावर सुरुवातीला ज्येष्ठ बायकांत बरीच कुरबुर झाली. पण ज्यांना बोलावलं त्या आल्या, आणि त्यातल्याच तिघी आता सगळी व्यवस्था बघतात.

—

सूरसागर

वाणवसा, लोखंडी पळीची कल्पना फार आवडली. यंदा घरी तेच करणार.

—

पेटीवाचनालय

जून म्हणजे शाळा. इथे बहुतेक संस्था पहिली-दुसरीच्या मुलांना पुस्तकं आणि कंपासपेट्या वाटतात. सरकारी आणि नगरपालिकेच्या शाळांत आठवीपर्यंत पुस्तकं मोफत मिळतात. पोर अडतं ते नववीत. तिथे वह्या जास्त, आणि विज्ञान शाखेला गेलं तर मार्गदर्शकं वेगळी. शाळा सोडण्याची पाळीही तेव्हाच येते, विशेषतः मुलींवर.

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. 1910 मध्ये बोर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावून घेतले आणि गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली. पेटी गावात यायची, वाचून झाली की पुढच्या गावाला. त्याच धर्तीवर आम्ही नववी ते बारावीची पुस्तकपेढी चालवतो. मार्चअखेर परीक्षा संपल्या की त्याच आठवड्यात पुस्तकं गोळा करायची. एप्रिलच्या मध्यापर्यंत थांबलात तर ती रद्दीत गेलेली असतात. मे महिन्यात पुठ्ठे, चिकटपट्टी, फाटलेली पानं जोडणं. जूनच्या पहिल्या आठवड्यात वाटप, आणि वर्षाअखेर परत घ्यायची. वापरलेली पुस्तकं देताना वह्या मात्र कोऱ्या करकरीत द्या. पोरांना त्याचं अप्रूप असतं.

—

बी_पॉझिटिव्ह

नेत्रदानाचं राहिलं. 25 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर नेत्रदान पंधरवडा असतो, क्लब तेव्हा शेकड्यांनी संकल्पपत्रं भरून घेतात. पण प्रत्यक्ष वेळ येते तेव्हा निर्णय घरच्यांचा असतो आणि हातात जेमतेम सहा तास. म्हणून संकल्पपत्रावर घरातल्या दोघांच्या सह्या घ्या आणि नेत्रपेढीचा फोन घरात चिकटवून ठेवा. पंखा बंद, पापण्या मिटलेल्या, त्यावर ओला कापूस, डोकं उशीवर थोडं उंच. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचे डोळेही चालतात. हे शेवटचं वाक्य मोठ्या अक्षरात छापा.

—

निंबोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. झाडांबद्दल मीच लिहिते.

जुलैत सगळे जण रोपं लावतात. नुसत्या हिरव्या भिंतीसाठी कोनोकार्पस लावू नका, त्यावर राज्य सरकारने 2023 मध्येच बंदी आणली आहे. कडुनिंब, करंज, जांभूळ, कदंब लावा. नदीच्या बाजूला अर्जुन. कमरेएवढं वाढलेलं रोप घ्या, लहान रोप गाई-बकऱ्या ठेवत नाहीत. पिंजऱ्याशिवाय एकही लावू नका, आणि पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी. म्हणजे जेवढ्या झाडांना दोन वर्षं पाणी घालणारा माणूस नावानिशी ठरला असेल, तेवढीच रोपं लावायची. समोरचा चहावाला, इस्त्रीवाला, शाळेचा शिपाई हे हे काम क्लबाच्या सभासदापेक्षा चांगलं करतात. त्यांना महिन्याला काही पैसे द्या आणि ते सुरुवातीच्या खर्चातच धरा.

आता कामाचं. आमच्या क्लबात यंदा 1 जुलैला पदभार देताना एक वहीसुद्धा द्यायची ठरतेय. कोणतं झाड कुठे, पाणी कोण घालतो, साइटची यादी, रक्तपेढीला दिलेल्या तारखा, तळमजल्यावरच्या म्हाताऱ्यांची नावं, दुसऱ्या हिमोग्लोबिन तपासणीला कोण यायचंय. नवीन प्रकल्प पुढच्या पानावर. इथल्या इतर क्लबांनी पण करून बघा.

—

विश्वामित्रीकाठ

ताई, आमच्या बाजूच्या बांधकाम साइटची यादी मी देतो. एक सूचना. आधी मुकादमाशी बोलून घ्या, नाहीतर गेटवरूनच परत पाठवतात. आणि ब्लँकेटपेक्षा गोधडी द्या. बाजारातली ती वाटपाची ब्लँकेटं दोन धुण्यांत विरतात आणि खाली सिमेंटची धूळ असली की अंगाला टोचतात.

—

वाणवसा

गोधड्या आम्ही शिवू. पावसाळ्यात मंडळाच्या बायकांना दुपारी वेळ असतो, दिवाळीपर्यंत बऱ्याच होतील. जुन्या सुती साड्या आणि धोतरं पाठवा, धुतलेली. नायलॉन आणि जॉर्जेट नको, सुई चालत नाही आणि ऊबही येत नाही. लहान मुलांसाठी वेगळ्या मापाच्या करतो. दांडिया बाजारात कोणाकडे साड्या जमा करायला जागा असेल तर मला निरोप करा, रविवारी रिक्षा घेऊन येते.